घड्याळ कुणाचं चालू आहे, ते आधी विचार

भाचेबुवा, ट्रेलर घेतलास, चांगलं केलंस. आता हप्ता सुरू झाला म्हणजे गाडी दाराशी उभी ठेवणं परवडायचं नाही आणि मिळेल ते भाडं उचलायची घाई होईल. लातूरहून सोयाबीनची पेंड न्हावा शेव्याला न्यायची, येताना उदगीरच्या डाळमिलची तूर आणायची, असा फेरा तू मनात धरलायस असं तुझ्या आईकडून कळलं. फेरा वाईट नाही. पण तू आजवर माल टाकलास तो मोंढ्यात. तिथं आडत्या, हमाल, तोलारी सगळे डोळ्यांसमोर असतात; कुणी जास्त कापलं तर त्याच्या पेढीवर जाऊन बसता येतं. बंदरात पैसे मागणाऱ्यांची दारं निरनिराळी, प्रत्येकाचं नियमाचं पुस्तक निराळं, आणि त्यातल्या एकाही पुस्तकात तुझं नाव नाही. कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या फाडण्यात माझी बरीच वर्षं गेली. तिथं बसून जे पाहिलं ते कानावर घालतो. पटेल ते घे.

आधी दारं ओळख. पहिलं टर्मिनलचं. न्हावा शेवा म्हणजे एकच बंदर असं आपण इथं देवणीत बसून म्हणतो, पण आत धक्के वेगवेगळ्या कंपन्या चालवतात. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं तेव्हा सगळं सरकारी होतं. १९९९ मध्ये एनएसआयसीटी हे पहिलं खाजगी टर्मिनल चालू झालं, २००६ मध्ये जीटीआय आलं, पुढं डीपी वर्ल्ड कंपनीचं एक, मग सिंगापूरच्या पीएसए कंपनीचं बीएमसीटी. बंदराच्या स्वतःच्या हातात जे टर्मिनल उरलं होतं तेही २०२२ मध्ये खाजगी कंपन्यांकडं गेलं. म्हणून ‘जेएनपीटीला (म्हणजे याच बंदराला) टाकायचाय माल’ एवढ्या निरोपावर चावी फिरवू नको. टर्मिनल कुठलं, जहाज कुठलं, त्या जहाजासाठी गेट कधी उघडणार आणि कधी बंद होणार, हे लेखी आल्याशिवाय मुरुड ओलांडायचं नाही.

दुसरं दार जहाज कंपनीचं. तिला सगळे लाइन म्हणतात. डबा, म्हणजे कंटेनर, तिच्या मालकीचा, तू फक्त वाहून नेणार. तिसरं दार सीएफएसचं, म्हणजे बंदराबाहेर उरण-पनवेलच्या पट्ट्यात पसरलेली ती मोठाली यार्डं, जिथं डबे उघडतात, भरतात, तपासले जातात. आणि कस्टम. कस्टमवाले जागेचं भाडं लावत नाहीत, पण त्यांनी डबा थांबवला की बाकीच्यांची मीटरं पळायला लागतात.

मीटर म्हणजे घड्याळच, आणि तुझा धंदा बुडेल किंवा तरेल तो या घड्याळांवर. भाड्याच्या दरात हजार-पाचशे इकडंतिकडं झाले तर एवढं बिघडत नाही, पण डबा चार दिवस अडकला तर सगळ्या फेऱ्याची कमाई जाते. डबा टर्मिनलच्या किंवा सीएफएसच्या यार्डात पडून राहतो तेव्हा यार्डाचं घड्याळ चालतं. त्याला कुणी ग्राउंड रेंट म्हणतात, कुणी डेमरेज. पहिले काही दिवस फुकट असतात, मग दर दिवसाला पैसे, आणि दिवस वाढतील तसा दरही चढत जातो. दुसरं घड्याळ लाइनचं. ठरलेल्या मुदतीत डबा रिकामा करून तिच्या यार्डात परत टाकला नाही की डिटेंशन लागतं, आणि ते बहुतेक वेळा डॉलरमध्ये मोजतात. तिसरं तुझं स्वतःचं, हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी थांबून राहिल्याच्या पैशांचं. पहिली दोन घड्याळं छापील दरपत्रकावर चालतात. तुझं घड्याळ तू चालू केलंस तरच चालतं.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. डबा गेटबाहेर पडला की मग लाइनचे फुकट दिवस सुरू होतात, असं नवा मिलवाला समजतो. आपल्याकडं बहुतेक लाइनी जहाजातून डबा उतरला त्या दिवसापासून मोजायला लागतात. तूर आफ्रिकेतनं येवो की म्यानमारमधनं, उतरल्यावर तिचे नमुने घ्यायला वनस्पती संगरोधचे अधिकारी येणार, अन्नसुरक्षावाले येणार. बाहेरच्या देशात धुरी नीट दिलेली नसली किंवा कागदात खोट निघाली तर पुन्हा धुरी आणि पुन्हा थांबणं. समज लाइननं चौदा दिवस फुकट दिलेत. त्यातले आठ-नऊ तपासणीत गेले. मग मिलवाला तुला फोन करणार, गाडी पाठव म्हणून. न्हावा शेव्याहून खंडाळ्याचा घाट, पुणे, टेंभुर्णी, बार्शी, लातूर करत उदगीर म्हणजे पाचशे किलोमीटरच्या पुढं. तिथं हमाल मिळाले तर एका दिवसात डबा रिकामा होईल. सण असेल, लगीनसराई असेल तर दोन दिवस. पुन्हा तेवढंच अंतर मागं. हे गणित मिलवाला करत नाही, आणि डबा उशिरा परत पडला की डिटेंशनचं बिल दाखवून म्हणतो, तुमच्या गाडीनं उशीर केला, भाड्यातनं कापतो. म्हणून फोन आला की पहिला प्रश्न भाड्याचा नको. डबा उतरला कधी, फुकट दिवस किती आणि आज कितवा दिवस, हे विचार, आणि उत्तर व्हॉट्सअपवर लिहून माग.

तपासणीत गेलेल्या दिवसांबद्दल एक आधार आहे, तो तुझ्या मिलवाल्याला माहीत असेलच असं नाही. कस्टमच्या हद्दीत माल सांभाळणाऱ्यांसाठी २००९ चे नियम आहेत. कस्टमनं अडकवून ठेवलेल्या मालावर यार्डवाल्यानं भाडं किंवा डेमरेज लावू नये, असं त्यांच्या सहाव्या नियमात लिहिलंय. जहाज कंपन्यांसाठीही २०१८ च्या नियमांत तशीच तरतूद आली: कस्टमनं पडताळणीसाठी माल रोखला आणि कागद खरे निघाले तर त्या काळाचं डिटेंशन मागायचं नाही. त्याआधी काय होतं? १९९५ मध्ये ग्रँड स्लॅम नावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की कस्टमनं चुकून माल अडवला असला तरी जागेचं भाडं मालवाल्यालाच द्यावं लागेल. म्हणजे नियम आला ही मोठी गोष्ट. पण तो आपणहून तुझ्या मदतीला धावत येत नाही. सीएचएकडून, म्हणजे मिलवाल्याच्या कस्टम एजंटाकडून, कस्टमला अर्ज करून अडकवणुकीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. ते दाखवल्यावरही यार्डवाले आणि लाइनवाले खळखळ करतात, कायद्याचा कीस काढतात. तरी प्रमाणपत्र नसेल तर बोलायलाच जागा राहत नाही. आणि एक लक्षात ठेव, हा आधार कस्टमनं रोखल्याचा आहे. मिलवाल्यानं पैशाची सोय व्हायची म्हणून डबा यार्डात कुजवला तर त्याला कुठलाच नियम वाचवत नाही.

दर ठरवतं कोण, हे तू विचारशीलच. पूर्वी माझगावला भांडार भवनात टॅम्प नावाचं प्राधिकरण होतं, मोठ्या बंदरांचे दर ठरवणारं. १९९७ मध्ये ते नेमलं, कारण खाजगी टर्मिनलं यायला लागली होती. बंदर एक, मागं घाट आणि पुढं समुद्र. टर्मिनलवाल्यानं मनाला येईल तो भाव लावला तर व्यापाऱ्यानं जायचं कुठं? टॅम्प कमाल दर ठरवी, त्याच्या खाली घ्यायला मोकळीक. टर्मिनलवाले आणि टॅम्प यांचं कधी पटलं नाही. २०१२ मध्ये टॅम्पनं जीटीआयचे दर चाळीस टक्क्यांहून जास्त उतरवायला सांगितले, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. शिवाय टॅम्पचा हात पोचायचा तो केंद्राच्या बंदरांपर्यंत. गुजरातची मुंद्रा, पिपावाव ही बंदरं त्या हद्दीबाहेर. ती आपले दर आपण ठरवत. मग इथले टर्मिनलवाले म्हणत, आमच्याच पायात बेडी का? शेवटी १९६३ चा जुना कायदा जाऊन महापत्तन प्राधिकरण कायदा, २०२१ आला. जेएनपीटीचं जेएनपीए झालं, दर ठरवायचं काम बंदराच्या मंडळाकडं आलं आणि खाजगी टर्मिनलांना बाजार बघून दर लावायची वाट मोकळी झाली. तंटे सोडवायला न्यायनिर्णय मंडळाची तरतूद आहे. २०२५ मध्ये १९०८ चा बंदर कायदाही बदलला. दर कुणी ठरवायचे ते त्यात सांगितलंय आणि ते इंटरनेटवर जाहीर करण्याचं बंधनही आहे.

माझं मत विचारशील तर टॅम्प गेल्याचं मला फार दुःख नाही आणि नव्या व्यवस्थेचं फार कौतुकही नाही. कारण या सगळ्या इतिहासात जो दर बांधला गेला तो टर्मिनल आणि लाइन यांच्यातला. टर्मिनलनं लाइनकडून किती घ्यावं, एवढंच ते. लाइननं व्यापाऱ्याकडून टीएचसी, म्हणजे टर्मिनलवर डबा हाताळण्याचा आकार, म्हणून किती घ्यावं, कागदाचे किती, सीलचे किती, डबा धुण्याचे किती, यावर तसं कुणाचं बंधन नव्हतं. टर्मिनलचा दर खाली आला म्हणून व्यापाऱ्याच्या बिलातला टीएचसी खाली आलाच पाहिजे, अशी सक्ती कुठंच नव्हती. आणि तू तर त्याही पलीकडं उभा आहेस. टर्मिनलचं गिऱ्हाईक लाइन. लाइनचं गिऱ्हाईक व्यापारी किंवा त्याच्यासाठी जहाजात जागा ठरवणारा फॉरवर्डर. तुझा करार त्या व्यापाऱ्याशी, नाहीतर मधल्या ट्रान्सपोर्टरशी. गेटवर रात्रभर उभा राहणारा तू. पण ज्याचं गेट आहे त्याच्याशी तुझा एका ओळीचा करार नाही, म्हणून त्याच्या दरपत्रकात तुझ्या थांबण्याला किंमतही नाही.

ते कसं असतं हे २७ जून २०१७ ला सगळ्यांनी पाहिलं. परदेशातनं सुटलेल्या एका संगणक-विषाणूनं मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बसली आणि तिच्याशी जोडलेलं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं. जहाजं बाजूच्या टर्मिनलांकडं वळवता आली. रस्त्यावरच्या गाड्या कुठं वळवणार? बंदराच्या रस्त्याला रांगा लागल्या. अशा वेळी लाइन आणि टर्मिनल आपापल्या करारात बघतात नुकसानीचं काय लिहिलंय ते. ड्रायव्हरनं काय बघायचं?

म्हणून तुझं पुस्तक तू छाप. बिल्टीचं पुस्तक म्हणतोय मी. बाजारात मिळतं ते तयार पुस्तक घेऊ नको. त्यात मालाचं नाव, वजन आणि भाडं एवढंच असतं. तुझ्या बिल्टीत वेळेचे रकाने पाहिजेत: गाडी भरायला लागली कधी, भरून निघाली कधी, यार्डाच्या किंवा टर्मिनलच्या गेटवर पोचली कधी, आत घेतली कधी, बाहेर आली कधी, रिकामा डबा टाकला कधी. प्रत्येक ठिकाणी सही मिळेल तिथं सही, नसेल तिथं गेटची पावती आणि मोबाइलमध्ये काढलेला फोटो. आणि खाली मोठ्या अक्षरात: इतके तास भाड्यात, त्यापुढं दर दिवसाला हॉल्टिंग इतकं, लाइनचं डिटेंशन आणि यार्डाचं भाडं गाडीवाल्याच्या अंगावर नाही, गाडीच्या दोषानं उशीर झाला असेल तेवढं सोडून. ते शेवटचं वाक्य घालायला लाजू नको. टायर फुटून गाडी इंदापूरला दोन दिवस उभी राहिली तर तो दोष आपलाच, तो मान्य करणाऱ्याचंच बाकीचं म्हणणं समोरचा ऐकतो. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानं, जो २०११ पासून लागू झाला, बिल्टी हा साधा चिटोरा राहिलेला नाही; भांडणात तोच कागद पुढं येतो.

हॉल्टिंगचे पैसे लिहून घेतले तरी मिळतात का? मागणाऱ्याला मिळतात, तेही मागता येईल असा कागद असेल तर. उद्यम नोंदणी करून घे, फुकट होते आणि मोबाइलवर होते. छोट्या उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यात लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. त्यापुढं बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सुविधा परिषदेकडं अर्ज करता येतो. तू अर्ज करावास असं मी म्हणत नाही, एकदा अर्ज केलास की त्या व्यापाऱ्याचं भाडं पुन्हा तुला मिळायचं नाही. पण बिलावर उद्यमचा नंबर छापलेला दिसला की त्यांचा हिशेबनीस मार्च महिन्यात तुझं बिल वर काढतो. कारण २०२४ पासून अशी थकलेली रक्कम त्यांना इन्कम टॅक्सात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

आता रिकामा डबा उचलायचं. इथं मात्र ड्रायव्हरवर सोडून चालत नाही, निदान पहिल्या काही खेपांना तू स्वतः जा. आपल्या भागातला माणूस बाजारात देवणी जोडी घेताना दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो, वानेरा आहे की बाळंक्या की शेवरा यावर तासभर वाद घालतो. तेवढ्याच चिकाटीनं डबा बघायचा. आधी बाहेरनं फेरी मार, कोपऱ्यांची लोखंडं, दाराच्या दांड्या, वाकलेला पत्रा. मग आत शिर आणि बाहेरच्याला दोन्ही दारं लावून घ्यायला सांग. अंधारात दोन मिनिटं उभा राहा. कुठं सुईएवढा उजेड दिसला तर तिथनं पाणी शिरणार. छत बघ, कोपरे बघ, दाराचं रबर बोटानं दाबून बघ. मग जमीन. लाकडी फळीवर तेलाचा डाग, ओल, वर आलेला खिळा. आणि वास. आधीच्या खेपेला त्यात मिरची गेली, चामडं गेलं की रसायन, हे नाकालाच कळतं. खाण्याच्या मालाला किंवा पेंडीला वासाचा डबा चालत नाही. तिकडं व्हिएतनाम-बांगलादेशात माल नाकारला तर त्याचा शेवट लातूरच्या व्यापाऱ्याच्या आणि तुझ्या भांडणात होतो. डबा पसंत नसेल तर दुसरा माग. यार्डातला सुपरवायझर कुरकुर करेल, करू दे. पसंत असला तरी असेल तो पोचा, असेल तो डाग गेट पावतीवर, म्हणजे त्यांच्या ईआयआरवर, लिहून घेतल्याशिवाय गेट सोडायचं नाही. नाहीतर परत टाकताना तोच पोचा तुझ्या नावावर चढतो आणि दुरुस्तीचं बिल येतं. पोच्याचा फोटो काढताना डब्याचा नंबर त्याच फोटोत आला पाहिजे. नुसत्या पोच्याच्या फोटोला कुणी विचारत नाही.

भरलेला डबा नेताना वजनाची चिठ्ठी बरोबर ठेव. १ जुलै २०१६ पासून जगभर नियम आहे, प्रमाणित वजन कळवल्याशिवाय डबा जहाजावर चढत नाही. कळवायची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची, पण चिठ्ठी नाही म्हणून गेटवर उभी राहते ती तुझी गाडी. डबा गेटातनं आत घ्यायच्या परवानगीच्या फॉर्म १३ चंही तेच. तो ऑनलाइन निघतो आणि फॉरवर्डरनं काढायचा असतो. ‘निघा तुम्ही, पळस्प्याला पोचेपर्यंत येतो फॉर्म’ असं सांगणारे फार आहेत. फॉर्म, गेट उघडल्याचा निरोप, गाडीची आणि ड्रायव्हरची बंदरातली नोंद, सगळं हातात असेल तर पुढं हो. बंदरानं दीड हजार ट्रेलर मावतील एवढा पार्किंग प्लाझा बांधलाय, कारखान्यात भरून आलेल्या डब्यांचे कागद तिथं तपासले जातात. पूर्वी करळ फाट्यापासनं रस्त्यावर गाड्या उभ्या असायच्या, त्यापेक्षा हे शंभरपटीनं बरं. पण लवकर जाऊन तिथं दोन दिवस बसणं म्हणजे पार्किंगचे पैसे, ड्रायव्हरचा भत्ता आणि बुडालेला फेरा. उशिरा गेलास आणि कट-ऑफ, म्हणजे गेट बंद व्हायची वेळ, चुकला तर डबा पुढच्या जहाजावर. अंतर लांबचं असलं की लोक भीतीनं फार लवकर निघतात. ते नको. रस्त्याला दीड-दोन दिवस धर, वर अर्धा दिवस घाटासाठी.

खरी कमाई डब्याच्या परतीच्या फेऱ्यात आहे. तूर उदगीरला रिकामी केलीस, आणि तोच डबा रिकामाच पाचशे किलोमीटर मागं नेऊन टाकलास, मग पेंडीसाठी दुसरा रिकामा डबा उचलून पुन्हा लातूरला आलास, तर डिझेल आणि टोल खाऊन टाकतात. त्याच डब्यात पेंड भरता आली तर? येते. आयात करणाऱ्याची आणि निर्यात करणाऱ्याची लाइन एकच असली पाहिजे, डब्याचं माप तेच पाहिजे आणि लाइनची लेखी परवानगी पाहिजे. ती परवानगी डबा न्हावा शेव्याहून निघायच्या आधी घ्यायची. उदगीरला पोचल्यावर फोनाफोनी सुरू केलीस तर तोवर डिटेंशन लागतं आणि लाइनवाला म्हणतो, आधी ते भरा. तूर आणणारे कोण, पेंड पाठवणारे कोण, कुणाची कुठली लाइन, याची एक वही कर. दोघांना जोडून देणारा माणूस झालास तर भाडं तुला मागावं लागणार नाही, ते विचारत येतील.

आणि सगळंच न्हावा शेव्यातनं गेलं पाहिजे असं थोडंच आहे. देवणी काय, सीमेवरचं गाव. भालकी-बीदर ओलांडून हैदराबाद आपल्याला मुंबईच्या निम्म्याहून जवळ. तिथं सनतनगरला कॉन्कॉरचा रेल्वे डेपो आहे, डबा तिथनं रेल्वेनं बंदराला जातो. घाट नाही, गेटची रांग नाही. रेल्वेचं भाडं वेगळं पडतं आणि गाडी कधी सुटेल याची खात्री करून घ्यावी लागते, म्हणून प्रत्येक वेळी स्वस्त पडेलच असं नाही. पण दोन्हीकडचा भाव काढून व्यापाऱ्यापुढं ठेवलास तर तो तुला नुसता ड्रायव्हरचा मालक समजणार नाही. जालन्याला ड्राय पोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली, मराठवाड्याचा माल मराठवाड्यातच डब्यात भरता येईल म्हणून. आपले लोक अजून त्याच्या बातम्या कापून ठेवतात.

संघटनेत जा. एकट्या गाडीवाल्याला बंदरात कुणी खुर्ची देत नाही. रांग, पार्किंग, स्वच्छतागृह, रात्रीची सुरक्षा यासाठी संघटनेनंच बोलावं लागतं. पण तिथं एक खड्डा आहे. सगळ्यांनी बसून ‘याच्या खाली कुणी भाडं घ्यायचं नाही’ असा ठराव करायचा नाही. कोचीनला ट्रेलर मालकांच्या संघटनांनी मिळून नंबर पद्धत लावली, भाडं ठरवलं. तिथल्या बंदरानंच स्पर्धा आयोगाकडं तक्रार नेली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये आयोगानं ते बेकायदा ठरवून बंद करायला लावलं. मला त्यात थोडा अन्याय वाटतो. गाडीवाले पन्नास, शंभर, एकमेकांच्या गळ्यावर सुरी ठेवून भाडं पाडणारे. जहाज कंपन्या मोजक्या, त्यांचे अधिभार महिन्याभरात सगळीकडं सारखेच दिसायला लागतात. पण मला अन्याय वाटला म्हणून कायदा बदलत नाही. हॉल्टिंग कसं मोजावं, पावतीवर वेळ छापली जावी, हे संघटनेनं मागावं. भाडं प्रत्येकानं आपापलं ठरवावं.

बाहेरच्या देशातही हेच रडगाणं आहे, ऐकून ठेव. ऑस्ट्रेलियात मेलबर्न-सिडनीच्या टर्मिनलवाल्यांना जहाज कंपन्यांकडून वाढवून मिळेना, तेव्हा त्यांनी ट्रकवाल्यांवर गेटातनं आत यायचं शुल्क बसवलं आणि वर्षावर्षाला चढवलं. ट्रकवाला दुसऱ्या टर्मिनलला जाऊ शकत नाही, कारण डबा कुठं उतरायचा ते लाइन ठरवते. तिथल्या सरकारांनी एवढंच केलं की वाढ करायच्या आधी साठ दिवस सांगा आणि कारण द्या, तेही ऐच्छिक. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा झाला: डेमरेज-डिटेंशनच्या बिलात तारखा, फुकट दिवस, दर सगळं पाहिजे, नसेल तर बिल भरायची गरज नाही. २०२४ च्या नियमानं बिल तीस दिवसांत काढायचं बंधन आलं, आणि ते ट्रकवाल्याच्या नावानं काढू नये असंही त्यात होतं; तो ट्रकवाल्याचा भाग २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं उडवला. आपल्याकडं लाइनला असं बिल काढायची सक्ती करणारा कायदा नाही. पण मिलवाल्याला मागायला कुणी अडवलंय? डिटेंशन तुझ्या भाड्यातनं कापतो म्हणाला की त्याला सांग, लाइनचं मूळ बिल दाखव, त्यात डबा उतरल्याची तारीख, फुकट दिवस आणि परत पडल्याची तारीख बघू, आणि त्याच्या शेजारी माझी बिल्टी ठेवू. बऱ्याचदा मूळ बिल तुझ्यापुढं येतच नाही, आणि कापायची भाषाही थांबते.

लॉकडाऊनमध्ये, २९ मार्च २०२० ला नौवहन महासंचालकांनी लाइनींना सांगितलं होतं की २२ मार्च ते १४ एप्रिलचं डिटेंशन लावू नका. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं तर लाइनचं घड्याळ थांबवता येतं. एरवी ते थांबवायला कुणी येत नाही, म्हणून डबा रिकामा करायला हमालांची टोळी आधी बोलून ठेव, डबा दारात आल्यावर शोधायला जाऊ नको.

बिल्टीचा कच्चा नमुना मी वहीच्या पानावर आखून ठेवलाय. उदगीरला छापायला टाकायच्या आधी तुझ्या पहिल्या दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखव आणि हॉल्टिंगचा आकडा त्यांच्यासमोर बसूनच भर. तीन प्रती निघतील असं पुस्तक कर: एक त्यांना, एक गाडीत, एक घरी तुझ्या आईच्या कपाटात. गाडीतली प्रत पावसात भिजते.